मागचं डावं चाक

भाऊसाहेबांच्या गाडीत रोज बसायचं तर आधी एक चाक घ्यावं लागायचं. विकत नव्हे, सांभाळायला. पहिल्या दिवशी मी पर्स सावरत मागच्या दाराशी उभी राहिले, तर ते म्हणाले, "बाई, बसायच्या आदी खाली बघा. मागचं डावं आजपास्नं तुमचं." मला वाटलं माणूस चेष्टा करतोय, म्हणून मी हसले. ते काही हसले नाहीत. खिशातून टोक घासलेली एक जुनी चावी काढून त्यांनी माझ्या हातात ठेवली. "खाचंत खडं अडकल्यात का बघा. असतील तर उकरून काढा. मग सगळीकडनं हात फिरवा. मग बसा."

आता सांगा, इस्त्रीची साडी नेसलेली मी घोडेगावच्या भर रस्त्यावर उकिडवी बसून टायरमधले खडे काढतेय, आणि दूधवाले, भाजीवाले, ओळखीपाळखीचे सगळे बघत बघत चाललेत. रागानं माझे कान तापले होते. डिंभ्याच्या शाळेत जायला एसटीचा भरवसा असता ना, तर मी त्याच पावली परत फिरले असते. पण आमच्या वाटेवरची एसटी आली तर आली. म्हणून मी मुकाट खडे काढले, हात काळा करून घेतला आणि गाडीत बसले. भाऊसाहेबांनी पुढून एक फडकं मागे दिलं. ते माझ्या हातापेक्षा काळं होतं.

हे भाऊसाहेब म्हणजे आमच्या शाळेचे क्लार्क. नाव एकनाथ पोखरकर, पण ते नाव फक्त पगारपत्रकात. उंच, काटकुळे, पांढरा बुशशर्ट, आणि उजवा तळहात बारा महिने काळा. शाळा सोडल्याचा दाखला त्यांनी लिहिला की कोपऱ्यात त्यांच्या अंगठ्याचा एक काळसर ठसा उमटलेला असायचाच. हेडसर करवादायचे, "अहो, हा दाखला आहे का गॅरेजचं बिल?" भाऊसाहेब शांतपणे म्हणायचे, "सर, अक्षर बघा. अक्षर सोच्च हाय."

गाडी जुनी, पांढरी, कुणाची तरी वापरून झालेली. आम्ही रोजचे तिघंच. भाऊसाहेब, मी, आणि शिनोलीच्या फाट्यावर चढणारे खेळाचे शेळके सर. पुढची दोन्ही चाकं भाऊसाहेबांनी स्वतःकडे ठेवली होती. मागचं उजवं शेळके सरांचं. शेळके सर शिनोलीत चढायचे, त्यामुळे त्यांची तपासणी भर रस्त्यात गाडी थांबवून व्हायची. मागून येणारे हॉर्न वाजवायचे, आणि शेळके सर त्यांना शिट्टी वाजवून थांबवायचे. मैदानावरची शिट्टी त्यांच्या गळ्यातच असायची, दुसरं काय.

उरली स्टेपनी. ती सिंधूताईंची. सिंधूताई म्हणजे भाऊसाहेबांच्या बायको.

त्यांच्याबद्दल आधीच सांगून टाकते, कारण या गाडीचं सगळं काही त्यांच्यासाठी होतं. सिंधूताईंच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी मंचरला डायलिसिस. ते चुकवून चालत नाही. एक वेळ चुकली की अंगावर सूज, श्वासाला त्रास, आणि मग धावपळ. भाऊसाहेब त्या दिवशी भल्या सकाळी त्यांना मंचरला सोडून यायचे. तिथं त्यांची महाळुंगे पडवळची भावजय सोबतीला बसायची. दुपारी सिंधूताई भावजयीकडेच जाऊन टेकायच्या, आणि शाळा सुटल्यावर भाऊसाहेब त्यांना घरी आणायचे. हे कितीतरी वर्षं चाललं होतं. माणूस एकदाही कंटाळून बोललेला मला आठवत नाही.

एकदा शाळेच्या पटांगणात त्यांनी आपला काळा तळहात जमिनीवर टेकवून दाखवला होता. "बाई, येवडी मोठी गाडी रस्त्याला टेकती ती येवड्याच जागंवर. असं चार पंजं. बाकी सगळं वर तरंगतंय. त्यात माजी सिंधू बसती." म्हणाले आणि हात झटकून कचेरीत निघून गेले. त्या दिवसानंतर मी खडे काढताना तोंड वाकडं केलं नाही.

त्यांची सगळी वाक्यं अशीच चाकापाशी जायची. "चाक थंड असतंय तवा खरं बोलतं," हे तर रोजचं. म्हणजे काय, तर गाडी पळून आली की आतली हवा तापून फुगते, मीटर जास्त दाखवतो आणि माणूस फसतो. हवा बघायची ती सकाळी, गाडी हलायच्या आधी. पंपावरच्या मीटरवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. स्वतःचा मीटर शर्टाच्या खिशात, पेनाशेजारी. वॉल्व्हवर टोपी नसलेलं चाक दिसलं की ते अस्वस्थ व्हायचे, मग ते कुणाचंही असो. खिशात चार-दोन टोप्या असायच्याच, गुपचूप बसवून टाकायचे. वॉल्व्ह गळतोय असा संशय आला की बोटाला थुंकी लावून त्यावर ठेवायची आणि बुडबुडा येतोय का बघत बसायचं. मी म्हटलं, "भाऊसाहेब, शी." तर म्हणाले, "डाक्टरबी थर्मामीटर तोंडातच घालतो की."

माणसं त्यांना चेहऱ्यानं लक्षात राहायची नाहीत, टायरनं राहायची. "ते नाय का, घोडेगावच्या चौकातलं, ज्यांचं पुढचं उजवं आतल्या अंगानं खाल्लंय." आम्ही विचारायचो, कोण? मग गावभर शोधून कळायचं की सरपंच.

महाळुंग्याच्या एका लग्नात तर कहर झाला. लग्न सिंधूताईंच्या माहेरचं, आम्हालाही बोलावणं. वरात निघायची तयारी. नवरदेवाची गाडी फुलांनी मढवलेली, बँड सुरू, पोरं नाचतायत. आणि आमचे भाऊसाहेब फुलांच्या माळा बाजूला सारून चाकाशी वाकलेले. टायरच्या बगलेला लिंबाएवढा फुगा आलेला त्यांना दिसला होता. म्हणाले, गाडी हलायची नाही. नवरदेवाचा मामा अंगावर आला, "ओ पावणं, मुहूर्त टळतोय." भाऊसाहेब म्हणाले, "मुहूर्त टळंल, नवरदेव टळाय नको." आणि खुशाल चाकापुढे मांडी घालून बसले. शेवटी बुके-बिके बाजूला करून डिकी उघडली, स्टेपनी काढली, शेळके सरांनी सफारीच्या बाह्या सारून जॅक लावला. बँडवाले बिचारे तेवढा वेळ एकच गाणं फिरवून फिरवून वाजवत राहिले. सिंधूताईंनी पदर तोंडावर घेतला होता. मी म्हटलं, लाजू नका ताई. तर आतून हुंदका नाही, हसू आलं. "लाजंल कशापायी? आमच्या लग्नात हे बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावंला हात लावून बघत व्हते. तवापास्नं माज्या आईला वाटतंय, जावय येडा हाय."

आता माझ्या चाकाचं सांगते.

सिंधूताई गाडीत नेहमी मागे डावीकडे बसायच्या, म्हणजे बरोबर माझ्या चाकावर. आणि माझं चाक आजारी पडलं. मंगळवारी गाडी मंचरहून तापून आलेली, तेव्हा काही कळायचं नाही, पण बुधवारी सकाळी हात फिरवला की ते मऊ लागायचं. मीटर लावला की हवा कमी. भरून घेतली की गुरुवारी ठणठणीत. शनिवारी पुन्हा मऊ. मी हिशोबाची बाई, गणित शिकवते, मला हे काही सुटेना. शेळके सरांचं उजवं चाक टणक, भाऊसाहेबांची पुढची दोन टणक, आणि माझंच मेलं नाक मुरडून बसलेलं. शेळके सर चिडवायचे, "बाई, तुमचा हात थंड पडतोय."

मी हट्टाला पेटले. मंचर रस्त्यावरच्या सलीमभाईच्या टायरच्या दुकानात चाक काढून पाण्याच्या टबात बुडवायला लावलं. सलीमभाईनं गोल गोल फिरवलं. एक बुडबुडा येईल तर शपथ. वॉल्व्ह बदलला. तरी पुढच्या बुधवारी तेच. भाऊसाहेब या सगळ्या वेळात कधी आकाशाकडे बघत, कधी चहा सांगायला जात. एरवी कुणाच्या सायकलचं चाक बसलं तरी उकिडवे बसणारा माणूस! मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण मी वॉल्व्हवरच खापर फोडत बसले.

मग एकदा सलीमभाईनं त्या टायरवर तळवा फिरवला, पुन्हा फिरवला, आणि भाऊसाहेबांकडे न बघता मला म्हणाला, "बाई, दोन्ही कडा खाल्ल्यात, मधला पट्टा नवा हाये. ही टायर कमी हवेवर पळलीय. एकदा न्हाई, लई येळा." मी भाऊसाहेबांकडे बघितलं. ते रस्त्यापलीकडच्या उसाच्या ट्रॉलीची चाकं निरखत होते. सलीमभाई हळूच म्हणाला, "भाऊ, अशी तापती. तापली की फाटती. तुमाला मी सांगायचं का?"

भाऊसाहेब एवढंच म्हणाले, "म्हाईत हाय."

गाडीत बसल्यावर विचारायचं धाडस झालं नाही, कारण त्यांचा चेहरा चोरी करताना सापडलेल्या पोरासारखा झाला होता. उत्तर मिळालं ते दिवाळीच्या सुट्टीत.

मंगळवार होता. मला मंचरला बँकेत काम होतं, शेळके सरांना शाळेसाठी व्हॉलीबॉल आणायचे होते, म्हणून आम्ही दोघंही सकाळी डायलिसिसच्या फेरीतच बसलो, भाऊसाहेबांनी घाई केली म्हणून चाकं न बघताच. सिंधूताई मागे डावीकडे, मी त्यांच्या शेजारी. दोन्ही बाजूला ऊस पुरुषभर वाढलेला, धुकं अजून उठलेलं नाही. आणि घोडेगाव मागे पडून थोडं पुढे गेलो तोच खालून धप् असा आवाज झाला, गाडी डावीकडे ओढली गेली. भाऊसाहेबांनी ब्रेक दाबला नाही. स्टिअरिंग घट्ट धरून, गाडीला तिच्या मनानं हळू होऊ देत कडेला घेतली. मी देवाचं नाव घेत होते. सिंधूताईंनी दाराची कडी धरली होती.

माझं चाक बगलेत फाटलं होतं. रबराचा जळका वास येत होता.

शेळके सर स्टेपनी काढायला धावले. भाऊसाहेब खाली उतरले आणि त्या फाटलेल्या टायरसमोर नुसते उभे राहिले. ज्या माणसानं लग्नाची वरात अडवली, तो जॅककडेसुद्धा बघेना. इकडे सिंधूताईंची दवाखान्यातली वेळ चाललेली. तिथं उशीर झाला की मशीन दुसऱ्याला लागतं. मी सिंधूताईंना हाताला धरून खाली उतरवलं आणि रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर बसवलं. ऊस अगदी हाताच्या अंतरावर, आणि आमच्याकडे उसाशेजारी सकाळी असं कुणी निवांत बसत नाही, बिबट्याचा काय नेम. मी मोबाइलवर भजन लावलं आणि आवाज पूर्ण वाढवला. शेळके सर मधून मधून शिट्टी फुंकत होते. बिबट्या असलाच तर आम्हाला वेडे समजून लांब गेला असणार.

भाऊसाहेब सिंधूताईंसमोर येऊन उभे राहिले. म्हणाले, "चुकलं माजं."

"काय चुकलं?"

"मीच हवा सोडत व्हतो. तुज्या बाजूची. थोडी थोडी."

मी भजनाचा आवाज कमी केला. बिबट्याचं काय व्हायचं ते होवो.

मशीनवरून येताना सिंधूताईंना रस्त्याचा एकेक हादरा हाडात लागायचा. त्या बोलायच्या नाहीत, पण खड्डा आला की दाराची कडी धरायच्या, हे भाऊसाहेबांनी आरशात बघितलं होतं. मग त्यांनी मंगळवारी आणि शुक्रवारी त्या एका चाकातली हवा कमी करायला सुरुवात केली. मऊ चाक, मऊ गाडी. गावभर दुसऱ्यांच्या टायरवर उपदेश करणारा हा माणूस आपल्याच हातानं स्वतःचं चाक मारत होता, आणि बुधवारी मी ते बिचारं भरत होते. त्यांना सगळं कळत होतं. कडा खाल्ल्या जातात, टायर तापतं, एक दिवस फाटतं, हे त्यांच्याइतकं आमच्या दोन तालुक्यांत कुणाला कळत होतं? पण आरशात ती कडी धरलेली बोटं दिसली की कळणं बाजूला राहायचं.

सिंधूताई जराही चकित झाल्या नाहीत. म्हणाल्या, "मला म्हाईत व्हतं की."

"कसं?"

"सकाळी न्हाणीत असती ना मी. भिताडापलीकडं गाडी. तुमी फुस्स करता ते ऐकू येतंय दर खेपंला."

"मग बोलली का न्हाईस?"

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "बरं वाटायचं. हादरं तेवढंच लागायचं, पण बरं वाटायचं." मग म्हणाल्या, "पण आता नका सोडू. हादरं मी सोसंल. असं वाटंत बसाय नको मला. मला जगायचंय."

भाऊसाहेबांनी मान हलवली. मग ते वळले, शेळके सरांच्या हातातून पाना घेतला आणि असे भराभर नट आवळले की शेळके सर बाजूलाच झाले. सिंधूताईंची स्टेपनी लागली. आम्ही पोचलो. थोडा उशीर झाला होता, पण मशीन अजून दिलं नव्हतं. दवाखान्याच्या दारात भाऊसाहेबांना दरदरून घाम फुटला होता. मी त्यांना पाण्याची बाटली दिली, तर पाणी पिण्याऐवजी त्यांनी ते डोक्यावर ओतून घेतलं.

त्यानंतर त्या चाकाची हवा बुधवारी कधीच कमी निघाली नाही. भाऊसाहेबांनी मागच्या सीटवर दोन गोधड्या घडी घालून शिवून टाकल्या. गाडी इतकी सावकाश चालवायला लागले की सायकलवाले पुढे जायचे. कालव्याच्या पुलाशी एक दुष्ट खड्डा होता, तो एका रविवारी शेळके सरांना बरोबर घेऊन मुरूम टाकून त्यांनी स्वतः भरला. पावसात तो वाहून गेला. त्यांनी पुन्हा भरला. मी म्हटलं, "अहो, अर्ज करा ना, तुम्ही क्लार्क आहात." म्हणाले, "अर्ज केलाय. तो येईस्तवर शुक्रवार येतोय."

आणि मग त्यांचीच छाती दुखायला लागली. पुण्याला नेलं, बऱ्याच तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही असं बजावलं. शाळेत परत आले तेव्हा शर्ट अंगावर लोंबत होता. कचेरीत टेबलाशी बसून ते आपल्या काळ्या तळहाताकडे बघत होते. मला कळलं, त्यांना काय विचारायचंय. आणि हेही कळलं, की ते मरेपर्यंत विचारणार नाहीत. मंगळवारी आणि शुक्रवारी सिंधूला कोण नेणार? भाड्याची गाडी सांगता आली असती. पण कुणाच्या कसल्या टायरवर ते तिला बसवणार होते?

शेळके सर आणि मी एकदमच आत गेलो. मी म्हटलं, "भाऊसाहेब, चाकं वाटलीत तसे वार वाटून घेऊ. मंगळवार माझा, शुक्रवार सरांचा. पहिल्या तासांचं हेडसरांशी बोललोय आम्ही."

त्यांनी वर बघितलं. "बाई, तुमाला गाडी येती?"

"लायसन आहे. हात बसायचाय."

"मग कशाची येती," म्हणाले, आणि त्या आजारपणात पहिल्यांदा हसले. दुसऱ्या दिवसापासून ते शेजारच्या सीटवर बसून मला शिकवायला लागले. क्लचपेक्षा खड्डेच जास्त शिकवले. कुठला खड्डा डावीकडून घ्यायचा, कुठल्या गतिरोधकावर गाडी कशी तिरकी चढवायची, कुठं डांबर उखडलंय. मला त्या रस्त्याचा इंच न् इंच पाठ झाला. रागावायचे मात्र, फार रागावायचे. "बाई, ब्रेक हाय का घंटा हाय ती?" मी पण ऐकून घ्यायची नाही. सिंधूताई मागे गोधडीवर बसून दोघांना म्हणायच्या, "भांडा, पण म्होरं बघून भांडा."

भाऊसाहेब गेले त्याला आता दोन पावसाळे झाले. घरातच, दुपारच्या झोपेत, कुणाला त्रास न देता. सिंधूताई अजून जातात मंचरला. मंगळवार माझा, शुक्रवार शेळके सरांचा. शाळेत नवीन आलेल्या क्लार्कला आम्ही पुढचं उजवं चाक दिलंय. तो पहिल्या दिवशी हसला. आम्ही हसलो नाही.

त्यांचं मला शेवटचं दिसणं त्यांच्या शेवटच्या मंगळवारचं आहे. सकाळी मी गाडी काढली, सिंधूताई मागे बसल्या, खिडकीची काच अर्धी खाली. भाऊसाहेब दारातून काठी टेकत आले आणि मागच्या डाव्या चाकाशी वाकून बसले. ते माझं चाक, मी केव्हाच बघितलं होतं. आतून सिंधूताई म्हणाल्या, "सोडू नका हं."

"नाय गं. नुस्तं बघतोय."

आणि मग अगदी बारीक फुस्स ऐकू आलं. क्षणभरच. मी आरशात सिंधूताईंकडे बघितलं. त्या समोर बघत होत्या. माझ्या लक्षात आलंय हे त्यांना कळलं, तशा हळूच म्हणाल्या, "असू द्या बाई आज. मंचरात भरून घिऊ. चला."

मी गाडी हलवली. आरशात भाऊसाहेब भिंतीला धरून उठून उभे राहत होते. मग त्यांनी तो काळा तळहात वर केला आणि आम्ही वळणाआड जाईपर्यंत तसाच धरून ठेवला.